मनगटावरील वर्दी : स्मार्ट घड्याळांतील तिऱ्हाईत ॲपांच्या सूचनांचा इतिहास

एकाने दुसऱ्यास काही कळविण्याच्या ज्या रीती मराठी समाजात रूढ झाल्या, त्यांत दवंडी, वर्दी आणि निरोप या तिहींचा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. दवंडी सर्वांसाठी असते. तिचा मजकूर सत्ता ठरविते आणि ऐकणाऱ्याने उलट काही बोलावे अशी अपेक्षा नसते. वर्दी विशिष्ट व्यक्तीस दिली जाते. परंतु ती देणारा बहुधा दारावरचा माणूस असतो आणि कोणाची वर्दी आत पोहोचवावयाची हे त्याच्या हाती असते. निरोपाचे स्वरूप याहून वेगळे आहे. निरोपास उत्तर असते. किंबहुना उत्तराची शक्यता हाच निरोपाचा प्राण होय. मनगटावर बांधावयाच्या स्मार्ट घड्याळांत ‘सूचना’ या नावाने जो व्यवहार गेल्या दोन दशकांत वाढला, त्याचा इतिहास या तीन शब्दांच्या आधारे चांगला उलगडतो.

या व्यवहारात सामान्यतः तीन पक्ष असतात. पहिला पक्ष घड्याळ घडविणाराचा, दुसरा फोनची कार्यप्रणाली चालविणाराचा. तिसरा पक्ष म्हणजे या दोहोंशी संबंध नसलेले, परंतु ज्याचा मजकूर वापरणाऱ्यास हवा असतो असे ॲप. बँकेचे, रेल्वेचे, शाळेचे, वृत्तपत्राचे किंवा संदेशांच्या देवघेवीचे असे हे ॲप येथे ‘तिऱ्हाईत’ म्हणून संबोधिले आहे. तिऱ्हाईताला मनगटावर बोलण्याचा अधिकार कसा मिळाला, कोणाच्या अनुमतीने मिळाला आणि त्या बोलण्यास उत्तर देण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहिला, हे या इतिहासातील मुख्य प्रश्न होत. तंत्राची प्रगती हे त्याचे केवळ बाह्यांग आहे.

१. दवंडीचा काळ

घड्याळाने वेळेखेरीज दुसऱ्या यंत्राचा मजकूर धारण करावा ही कल्पना स्मार्टफोनाहून जुनी आहे. १९९४ साली टायमेक्स कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने ‘डेटालिंक’ हे घड्याळ काढले. संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या प्रकाशरेषा घड्याळावरील डोळ्याने टिपावयाच्या आणि त्यांतून भेटीगाठींच्या वेळा व दूरध्वनी क्रमांक साठवून घ्यावयाचे, अशी त्याची योजना होती. तथापि हा मजकूर वापरणाऱ्याने स्वतःच संगणकात लिहिलेला असे. घड्याळ त्याची आठवण करून देई इतकेच. बाहेरच्या कोणास तेथे प्रवेश नव्हता.

पुढील टप्पा २००४ साली आला. मायक्रोसॉफ्टच्या ‘स्पॉट’ या योजनेतील घड्याळे फॉसिल, सुन्टो इत्यादी कंपन्यांनी बाजारात आणली. अमेरिका व कॅनडा या देशांतील शहरांत एफ. एम. रेडिओच्या लहरींवरून ‘एम. एस. एन. डायरेक्ट’ ही सेवा बातम्या, हवामान, शेअरांचे भाव आणि लहान संदेश या घड्याळांपर्यंत पोहोचवीत असे. कोणती वाहिनी चालवावयाची हे कंपनी ठरवी आणि वर्गणीदार त्यांतून आपल्या पसंतीच्या वाहिन्या निवडी. संपर्क एकमार्गी होता. घड्याळ ऐके, परंतु बोलू शकत नसे. स्वतंत्र ॲपकर्त्यास या यंत्रणेत आपल्या इच्छेने मजकूर घालण्याची सोय नव्हती. ही आधुनिक साधनांनी पिटलेली दवंडीच होय. १ जानेवारी २०१२ रोजी ही सेवा बंद झाली आणि ज्या मजकुरासाठी ती घड्याळे घेतली गेली होती तो मजकूर त्यांना पारखा झाला. सूचनांचा उगम एकाच हाती असला की त्या हाताने माघार घेताच घड्याळ मुके होते, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय. तो पुढेही एकदा गिरवावा लागला.

२. दुभाष्यांचा काळ

मोबाइल फोन खिशात आला आणि ब्लूटूथ हे अल्प अंतराचे बिनतारी साधन रूढ झाले, तेव्हा घड्याळास मजकूर पुरविण्याचे काम रेडिओ-केंद्राकडून फोनकडे आले. सोनी एरिक्सनने फॉसिलच्या सहकार्याने २००६ साली काढलेल्या घड्याळात काट्यांच्या तबकडीखाली एक लहान पडदा होता आणि फोन करणाऱ्याचे नाव त्यावर उमटे. २०१० साली त्याच कंपनीचा ‘लाइव्हव्ह्यू’ हा ॲण्ड्रॉइड फोनशी जोडावयाचा छोटा पडदा आला आणि २०१२ साली सोनीचे ‘स्मार्टवॉच’ आले.

या साधनांनी तिऱ्हाईतांना प्रथमच रीतसर वाट करून दिली. ती वाट पुढीलप्रमाणे होती. ज्या ॲपाला घड्याळावर बोलावयाचे असेल त्यासाठी घड्याळाच्या कंपनीने नेमून दिलेल्या नियमांनुसार एक जोड-ॲप लिहावयाचे आणि वापरणाऱ्याने ते फोनमध्ये वेगळे बसवावयाचे. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर प्रत्येक वक्त्यासाठी एकेक दुभाषी नेमावयाचा. वक्ते दहा असतील तर ही व्यवस्था चालते. ते हजारांच्या घरात गेले की ती कोलमडते. शिवाय एका कंपनीच्या घड्याळासाठी लिहिलेला दुभाषी दुसऱ्या कंपनीच्या घड्याळास निरुपयोगी ठरे. म्हणून ज्या लहान संस्थेच्या ॲपाचे वापरणारे थोडे, तिच्यासाठी हा खटाटोप कोणी करीत नसे. दार उघडे होते. परंतु उंबरठा उंच होता.

३. पेबल आणि आडदाराची वाट

या परिस्थितीत ‘पेबल’ हे घड्याळ आले. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचा विद्यार्थी एरिक मिजिकॉव्हस्की याने प्रथम ब्लॅकबेरी फोनसाठी ‘इन्पल्स’ नावाचे घड्याळ केले होते. त्यानंतर ११ एप्रिल २०१२ रोजी ‘किकस्टार्टर’ या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर त्याने पेबलसाठी १ लाख डॉलरांचे आवाहन केले. मे महिन्यात ते संपले तेव्हा ६८,९२९ लोकांकडून १ कोटी २ लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली होती. १४४ × १६८ बिंदूंचा, सूर्यप्रकाशात वाचता येणारा काळापांढरा पडदा आणि मनगटाला जाणवणारा कंप एवढेच त्याचे मुख्य भांडवल. २०१३ च्या जानेवारीपासून ही घड्याळे ग्राहकांकडे जाऊ लागली.

लोकांना पेबलवर फोन, संदेश व पत्रे यांची वर्दी हवी होती. पण तेवढ्याने त्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते. आपण रोज वापरतो त्या प्रत्येक ॲपाची वर्दी मनगटावर यावी अशी त्यांची मागणी होती. ॲण्ड्रॉइडवर ही मागणी एका आडदाराने पुरी झाली. दृष्टिहीनांना पडद्यावरील मजकूर वाचून दाखविता यावा म्हणून ॲण्ड्रॉइडमध्ये २००९ पासून एक सुगम्यता-सेवा होती. तिच्यामार्फत एका ॲपास दुसऱ्या ॲपाची सूचना ऐकता येई. पेबलच्या ॲपाने तिऱ्हाईतांच्या सूचनांसाठी हीच सेवा वापरली. ‘पेबल नोटिफायर’ यासारख्या स्वतंत्र ॲपांनीही तोच मार्ग धरला. पेबलने आणखी एक सोय ठेवली होती : कोणत्याही ॲण्ड्रॉइड ॲपाने ठरावीक नमुन्याची हाक फोनमध्ये दिली, शीर्षक व मजकूर सोबत जोडला, की तो मजकूर घड्याळावर उमटे. दुभाष्याची गरज येथे बऱ्याच अंशी संपली.

तथापि आडदाराची वाट ही कायमची वाट होऊ शकत नाही. दृष्टिहीनांसाठी दिलेल्या अनुमतीतून पडद्यावरील इतर पुष्कळ गोष्टीही ऐकता येतात. म्हणजे वर्दी देणाऱ्यास साऱ्या घराची किल्ली द्यावी लागे. जुलै २०१३ मध्ये ॲण्ड्रॉइडच्या ४.३ या आवृत्तीत सूचना ऐकण्यापुरतीच मर्यादित अशी स्वतंत्र सेवा आली. वापरणाऱ्याने संमती दिली की ॲपास सूचना वाचता येऊ लागल्या आणि त्या पुसताही येऊ लागल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ॲपलच्या आय. ओ. एस. ७ मध्ये ब्लूटूथवरून कोणत्याही जोडलेल्या साधनास सूचना देणारी व्यवस्था दाखल झाली आणि नोव्हेंबरात पेबलने ती स्वीकारली. तिऱ्हाईत ॲपांच्या सूचनांच्या इतिहासात २०१३ हे वर्ष निर्णायक मानावयास हवे, ते या दोन घटनांमुळे. घड्याळाचे नावही न ऐकलेल्या ॲपकर्त्याचा मजकूर यानंतर घड्याळावर पोहोचू लागला.

४. सूचनेचे व्याकरण

ॲपलची ही व्यवस्था भाषाभ्यासकाने विशेष पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात सूचनेचे एक काटेकोर व्याकरण बांधलेले आढळते. फोन प्रथम घड्याळास केवळ ८ बाइटांची खूण पाठवितो. तिच्यात पाच गोष्टी असतात : सूचना नवी आली, बदलली की काढली गेली, ती मूक आहे की महत्त्वाची, ती कोणत्या वर्गातील आहे, त्या वर्गात अशा किती सूचना आहेत, आणि तिचा ओळख-क्रमांक. वर्ग एकूण १२ आहेत. येणारा फोन, हुकलेला फोन, ध्वनिसंदेश, सामाजिक, वेळापत्रक, पत्र, वार्ता, आरोग्य, व्यवसाय व अर्थ, स्थळ, मनोरंजन आणि ‘इतर’ अशी त्यांची वाटणी आहे. मजकूर या खुणेत नसतो. घड्याळाला तो हवा असल्यास त्याने ओळख-क्रमांक सांगून ॲपाचे नाव, शीर्षक, उपशीर्षक, मजकूर, दिनांक यांतील हवे ते मागावयाचे आणि मागताना ‘अमुक बाइटांपर्यंतच द्यावे’ अशी मर्यादाही घालावयाची.

या रचनेचा लाभ उघड आहे. लहान पडदा आणि लहान विजेरी असलेल्या यंत्रास जेवढे पेलेल तेवढेच त्याने मागावे, हा तिचा हेतू. परंतु प्रत्येक व्याकरण काही बोलणे सुकर करते आणि काही अशक्य करते. येथे चित्रास स्थान नाही. जे ॲप अकरा नामांकित वर्गांत बसत नाही त्याची गणना ‘इतर’ मध्ये होते. आणि उत्तराच्या बाबतीत तर हे व्याकरण फारच मितभाषी आहे. घड्याळास सूचनेवर जी कृती करता येते ती दोन प्रकारची : एक होकारार्थी, एक नकारार्थी. त्या दोहोंची नावेही फोनच पुरवितो. घड्याळावरून स्वतःचे वाक्य परत पाठविण्याची सोय तिच्यात नाही. वर्दी पोहोचली, निरोप मात्र झाला नाही.

५. उत्तराचा अधिकार

निरोपाकडे पहिले मोठे पाऊल ॲण्ड्रॉइडच्या बाजूने पडले. मार्च २०१४ मध्ये गूगलने ‘ॲण्ड्रॉइड वेअर’ ही घड्याळांची प्रणाली जाहीर केली आणि जूनच्या अखेरीस एल. जी. व सॅमसंग यांच्या पहिल्या घड्याळांची विक्री सुरू झाली. तीत फोनवरील सूचना आपोआप घड्याळावर जात. ॲपकर्त्याने काहीही न करता. मात्र त्याने थोडे अधिक लिहिले तर सूचनेस अधिक पाने जोडता येत, केवळ घड्याळापुरती कृती ठेवता येई आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बोलून दिलेले उत्तर त्याच्या ॲपाकडे परत घेता येई. जी सूचना मनगटावर अस्थानी ठरेल ती फोनपुरती राखण्याचीही तरतूद होती. या साऱ्या गोष्टी सूचनेच्या अंगातच लिहिलेल्या असल्याने सूचना ऐकण्याची अनुमती असलेल्या इतर ॲपांनाही त्या वाचता येत. याचा लाभ घेऊन २०१५ साली पेबलनेही आपल्या ॲण्ड्रॉइड-वापरकर्त्यांना तिऱ्हाईत ॲपांच्या संदेशांस मनगटावरून उत्तर देण्याची सोय दिली. एका कंपनीने स्वतःच्या घड्याळांसाठी घडविलेले व्याकरण प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळास उपयोगी पडावे, हे या क्षेत्रात विरळा घडते.

ॲपलचे स्वतःचे घड्याळ २४ एप्रिल २०१५ रोजी विक्रीस आले. त्यासाठी ॲपकर्त्यांना दिलेली साधने आदल्या नोव्हेंबरातच प्रसिद्ध झाली होती. सूचनेची दोन रूपे त्यांत कल्पिली होती. मनगट उचलताच क्षणभर दिसणाऱ्या पहिल्या रूपात ॲपाचे चिन्ह, नाव व शीर्षक एवढेच असे; मनगट तसेच राहिले तर दुसरे, विस्तृत रूप उघडे आणि तेथे तिऱ्हाईत ॲपकर्त्यास आपली मांडणी व कृती ठेवता येत. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आलेल्या आवृत्तीने अशा सूचनांना शब्दांनी उत्तर देण्याचा मार्गही मोकळा केला. परंतु हा मार्ग ॲपलच्या घड्याळापुरता होता. त्याच फोनशी जोडलेल्या अन्य कंपनीच्या घड्याळास पूर्वीचे होकार-नकाराचे व्याकरणच उरले. अशा रीतीने एकाच ॲपाची एकच सूचना एका मनगटावर निरोप ठरू लागली आणि दुसऱ्यावर केवळ वर्दी.

मधल्या काळात पेबलने निराळा प्रयोग केला. २०१५ सालच्या ‘पेबल टाइम’ या घड्याळात कालपट्टीची कल्पना होती. तिऱ्हाईत ॲपाने पेबलच्या सर्व्हरमार्फत त्या पट्टीवर सामन्याची वेळ, हवामान, गाडीची वेळ यांसारख्या नोंदी टाचाव्यात आणि त्यासोबत सूचनाही द्यावी अशी ती योजना होती. योजना सुबक होती, पण तिचा उगम पुन्हा एका हाती गेला होता. ७ डिसेंबर २०१६ रोजी पेबल बंद होत असल्याचे जाहीर झाले आणि तिची बौद्धिक मालमत्ता फिटबिटने घेतली. सर्व्हर ३० जून २०१८ पर्यंत चालले. त्यानंतर ‘रीबल’ या स्वयंसेवी गटाने पर्यायी सेवा उभारली नसती तर स्पॉट घड्याळांचीच गत झाली असती. याउलट फोनकडून थेट येणारी साधी वर्दी कंपनी बुडाल्यावरही थांबली नाही. २०१५ च्या सुमारास पेबलसाठीच सुरू झालेले ‘गॅजेटब्रिज’ हे मुक्त ॲप कोणत्याही कंपनीच्या सर्व्हराशिवाय अनेक प्रकारच्या घड्याळांना सूचना पोहोचवू लागले.

उत्तराच्या अधिकारातील विषमता अखेर कायद्यापुढे आली. युरोपीय संघाच्या २०२२ सालच्या डिजिटल बाजारपेठ अधिनियमान्वये १९ मार्च २०२५ रोजी युरोपीय आयोगाने ॲपलला आय. ओ. एस. मधील काही सोयी अन्य कंपन्यांच्या साधनांना खुल्या करण्याचे तपशीलवार आदेश दिले. सूचनांचा त्यांत स्पष्ट समावेश होता. सूचनांत वापरणाऱ्याचा खाजगी मजकूर असतो आणि तो परक्या कंपनीच्या हाती जाईल, असा ॲपलचा आक्षेप होता व तिने आदेशास न्यायालयात आव्हान दिले. आक्षेप पोकळ म्हणता येत नाही. सुगम्यता-सेवेच्या आडदाराचा अनुभव त्यास पुष्टीच देतो. परंतु दाराची राखण करणाऱ्यानेच आपल्या माणसास आत सोडावे आणि इतरांस उंबरठ्यावर थांबवावे, तेव्हा राखण आणि मक्तेदारी यांतील सीमा कोणी आखावी, हा प्रश्न त्या आक्षेपाने सुटत नाही.

६. मराठी मजकुराची किंमत

येथवरचा इतिहास पाश्चात्त्य कंपन्यांचा असला तरी त्याचे परिणाम मराठी वाक्यापर्यंत पोहोचतात. युनिकोडच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षरास १ बाइट लागते, तर देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हास ३. ‘महाराष्ट्र’ या शब्दात मात्रा व हलन्त धरून १० चिन्हे आहेत. म्हणजे तो ३० बाइटांचा होतो. त्याचेच रोमन लेखन ११ बाइटांत बसते. मजकुराची मर्यादा बाइटांत मोजली जाते तेथे मराठी वक्त्यास सुमारे एकतृतीयांश जागा मिळते. शिवाय २१ बाइटांवर कात्री लागली तर ‘महाराष्’ एवढा तुकडा उरतो. यंत्राच्या दृष्टीने तो शुद्ध आहे. मराठी अक्षराच्या दृष्टीने नाही. घड्याळात अक्षरे जोडण्याची यंत्रणा नसेल तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या मागे जाऊन बसतो. टंकच नसेल तर रिकाम्या चौकटी दिसतात. गॅजेटब्रिजने बंगाली, रशियन, हिब्रू इत्यादी लिप्यांसाठी लिप्यंतराची सोय ठेवली ती याच अडचणीमुळे.

लिपीहून गंभीर प्रश्न वाक्यरचनेचा आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही नंतर. ‘उद्याची सभा दुपारी तीन वाजता होणार नाही’ हे वाक्य १०५ बाइटांचे आहे. त्यावर ९३ बाइटांची मर्यादा पडली तर मनगटावर ‘उद्याची सभा दुपारी तीन वाजता होणार’ एवढेच उमटते. अक्षर मोडले नाही, शब्द तुटला नाही, व्याकरणही बिघडले नाही. केवळ अर्थ उलटला. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या अलीकडे येत असल्याने शेपूट तुटले तरी हा धोका तितकासा संभवत नाही. सूचनेची लांबी शेवटाकडून छाटावी हा नियम करणाऱ्यांनी भाषेचा विचार केला नव्हता असे नव्हे. एका विशिष्ट भाषेचा केला होता, इतकेच.

म्हणून मराठी ॲपास सूचनांची जोड देणाऱ्याने फोनवरील वाक्य जसेच्या तसे मनगटावर सोडणे पुरेसे नाही. ‘सभा रद्द’ हे शब्द शीर्षकात घालावेत आणि तपशील मजकुरात ठेवावा. निर्णय, रक्कम, वेळ आणि नकार प्रथम यावेत. दवंडी पिटणारा ‘ऐका हो ऐका’ म्हणून सवडीने मजकुराकडे येई. मनगटावरील वर्दीस तेवढी सवड नाही. शिवाय वर्दी देणारे यंत्र मराठी जाणत नसल्याने कोठे थांबल्यास अनर्थ होईल हे त्यास कळत नाही. ते कळण्याची जबाबदारी वर्दी लिहिणाऱ्याची आहे, आणि तिऱ्हाईतास बोलण्याचा अधिकार मिळाल्यापासून ती त्याच्याकडेच आहे.